‘स्कटल’ला मराठीत काय म्हणायचं? ‘जलसमाधी’ चालेल का?

रेघोट्या:
दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलांवरच्या एका लेखमालेचं भाषांतर करतेय आणि ‘ग्राफ स्पे’पाशी अडलेय. 13 डिसेंबर 1939 ला ही जर्मन युद्धनौका ला प्लाटा नदीच्या मुखाशी एक्झेटर, एजॅक्स आणि अकिलीस या तीन क्रूझरांशी भिडली आणि मार खाऊन मॉन्टेव्हिडिओच्या बंदरात शिरली. उरुग्वे तटस्थ होता. त्यांनी 72 तासांची मुदत दिली. बाहेर ब्रिटिशांचं मोठं आरमार टपून बसलंय अशी हूल उठली. शेवटी 17 तारखेला संध्याकाळी कॅप्टन लांग्सडॉर्फने जहाज बंदराबाहेर काढलं, माणसं उतरवली आणि स्फोट करून ते उडवून दिलं. या सगळ्याला इंग्रजीत एकच क्रियापद आहे, स्कटल.

मी लिहिलं, ‘ग्राफ स्पे बुडवण्यात आली’. संपादकबाईंचा शेरा: ‘कोणी, ब्रिटिशांनी?’ म्हणून ‘ग्राफ स्पेने जलसमाधी घेतली’ असं केलं. त्यावर शेरा: ‘जहाज काय संत आहे?’ आता तुम्हीच सांगा. स्वतःचं जहाज स्वतःच्या हाताने बुडवणे, याला सुटसुटीत शब्द हवाय. लेखमालेत तो पुढे पन्नासदा येणार आहे.

टवाळ:
शब्द आहे की! शाळा बुडवणे. आठवीत मी गणिताचे कित्येक तास स्कटल केलेत.

शुद्धमती:
चेष्टा बाजूला ठेवा. रेघोट्याताई, तुमचा दुसरा शब्द अगदी नेमका आहे. समाधी ही घ्यायची असते, स्वेच्छेने. ज्ञानोबांनी 1296 मध्ये आळंदीला घेतली तशी. वाट लावलीय ती वर्तमानपत्रांनी. टॉर्पेडो लागून जहाज बुडालं, ‘जलसमाधी मिळाली’. पुरात एसटी वाहून गेली, तिलाही ‘जलसमाधी’. समाधी मिळत नसते आणि दुसऱ्याला देताही येत नाही. तुमच्या बाईंना हे सांगा. ‘समाधी’ फारच खटकत असेल तर ‘आत्मनिमज्जन’ घ्या. आणि लेखमालेत टॉर्पेडो येत असेल तर कृपा करून ‘पाणतीर’ लिहा. इतका सुंदर शब्द मराठीत असताना आपण परक्यापुढे पदर पसरतो.

गुहागरकर:
आत्मनिमज्जन! आमच्याकडे कुणी असं म्हणालं तर गणपती विसर्जनाला निघालाय असं वाटेल. ताई, साधं लिहा, ‘जर्मनांनी आपली बोट आपणच बुडवली’. चार शब्द जास्त लागले तर कागद काय संपणार आहे?

शिवाय जलसमाधीत एक गोम आहे. ग्राफ स्पे जिथे फोडली तिथलं पाणी इतकं उथळ होतं की जहाज तळाला टेकलं तरी वरचा बराच भाग पाण्याबाहेरच राहिला. फोटो आहेत. कमरेइतक्या पाण्यात बसून कोण समाधी घेतो?

निवृत्त सारंग:
तीसेक वर्षं जहाजावर काढली, म्हणून थोडं बोलतो. आमच्याकडे इंग्रजी शब्दच चालायचा, पण त्या एका शब्दात दोन-तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत त्यांना वेगवेगळं म्हणावं लागेल असं मला वाटतं.

पहिली, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून बुडवणं. याचं सर्वांत मोठं उदाहरण पहिल्या महायुद्धानंतरचं आहे. शस्त्रसंधीनंतर जर्मनांच्या खोल समुद्रातल्या आरमाराची 74 जहाजं स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कॅपा फ्लोमध्ये ब्रिटिशांच्या पहाऱ्यात उभी होती. 21 जून 1919 ला अॅडमिरल रॉयटरने इशारा दिला आणि खलाशांनी तळाचे व्हॉल्व उघडले. नेमकं त्याच सकाळी ब्रिटिश ताफा सरावासाठी बाहेर गेला होता. तो परत येईपर्यंत 52 जहाजं तळाला. बाकीची ब्रिटिशांनी कशीबशी किनाऱ्याला ओढून लावली. त्या गडबडीत नऊ जर्मन गोळ्या लागून मेले.

दुसरी, वाट अडवायला बुडवणं. त्याच स्कॅपा फ्लोच्या चिंचोळ्या खाड्यांत ब्रिटिशांनी आपली जुनी, भंगारातली जहाजं मुद्दाम बुडवून ठेवली होती, पाणबुड्या आत येऊ नयेत म्हणून. ऑक्टोबर 1939 मध्ये प्रीन नावाचा जर्मन कप्तान भरतीच्या रात्री आपली यू-47 ही पाणबुडी पाण्यावरूनच, त्या बुडवलेल्या जहाजांच्या फटीतून आत घेऊन गेला. 14 तारखेला पहाटे त्याने रॉयल ओक ही जंगी युद्धनौका बुडवली. आठशेहून जास्त माणसं गेली. म्हणजे बघा, एकाच बंदरात एका बाजूला आपणच बुडवलेली जहाजं, दुसऱ्या बाजूला शत्रूने बुडवलेलं. तुमच्या वर्तमानपत्री मराठीत दोन्हीला जलसमाधीच.

तिसरी, पाणबुडीची. तिथे जहाजापेक्षा आतला माल महत्त्वाचा, संकेतांची पुस्तकं आणि एनिग्मा हे सांकेतिक संदेशांचं यंत्र. पाणबुडी वर यायला भाग पडलं की सुरुंग लावायचे, व्हॉल्व उघडायचे, मग उड्या मारायच्या, हा शिरस्ता. 9 मे 1941 ला यू-110 चे सुरुंग उडलेच नाहीत. बुलडॉग या विनाशिकेवरचे ब्रिटिश तिच्यात शिरले आणि पुस्तकं, यंत्र सगळं उचलून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ओढून नेताना पाणबुडी बुडाली ती बुडालीच, पण माल गेला. म्हणून मी म्हणतो, स्कटलमध्ये बुडणं कमी, ‘मिळू न देणं’ जास्त.

टवाळ:
काका, म्हणजे गणिताचा तास मी बुडवला तो मास्तरांच्या हाती पडू नये म्हणून. मग माझा अर्थ बरोबरच होता.

हाम्बुर्गचा पंत:
इथे जर्मनीत यासाठी सरळ जोडशब्द आहे: झेल्ब्स्टफेरझेंकुंग. झेल्ब्स्ट म्हणजे स्वतः, फेरझेंकेन म्हणजे बुडवणे. त्यांनी डोकं न खाजवता दोन शब्द चिकटवले. आपणही ‘स्वबुडवणी’ करू शकतो की. सारंगकाकांच्या यादीत एक भर घालतो: मे 1945 मध्ये शरणागती जवळ आली तेव्हा दोनशेहून जास्त यू-बोटी, म्हणजे जर्मन पाणबुड्या, त्यांच्याच खलाशांनी बुडवल्या. त्या बेताचं सांकेतिक नाव होतं रेगेनबोगेन, इंद्रधनुष्य.

शुद्धमती:
‘स्वबुडवणी’ म्हणजे धेडगुजरी. संस्कृत उपसर्ग आणि प्राकृत धातू.

प्राकृतप्रेमी:
मग ‘स्वयंपाकघर’ही टाकून द्या ताई. ‘घर’ प्राकृतच आहे.

आता माझं मत. मराठीत ‘बूड’ म्हणजे तळ आणि ‘बुडणे’ म्हणजे तळाला जाणे. दोन्ही एकच, याबद्दल मला शंका नाही. संस्कृतात ‘बुध्न’ म्हणजे तळ, त्यावरून ‘बूड’, त्यावरून ‘बुडणे’. स्कटल या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थही भोक, झडप असाच आहे, आधी नाम आणि मग क्रियापद. तेव्हा आपणही बुडापासून सुरुवात करावी. ‘बूड फोडणे’. जर्मनांनी ग्राफ स्पेचं बूड फोडलं. कर्ता स्पष्ट, क्रिया स्पष्ट.

गुहागरकर:
आणि वाचक हसून खुर्चीवरून बुडावर पडला.

हाम्बुर्गचा पंत:
प्राकृतप्रेमी, तुमची व्युत्पत्ती गोड आहे पण गळकी आहे. प्राकृतात ‘बुड्डइ’ हे क्रियापद स्वतंत्र दिसतं, त्याला ‘बुध्न’च्या दारात कशाला बांधता? आवाज सारखा म्हणून नातं जोडायचं तर हाताचं बोट आणि पाण्यातली बोटही बहिणीच.

प्राकृतप्रेमी:
बोट इंग्रजीतून आली हे शेंबडं पोरही सांगेल. मी देशी शब्दांबद्दल बोलतोय. दोन शब्दांचा अर्थ आणि आवाज दोन्ही जुळत असेल तर नातं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची.

वास्कोकार:
बूड राहू दे. आमच्या वास्कोत हे प्रत्यक्ष घडलंय आणि इतके जण बोलूनही कुणी त्याचं नाव काढलं नाही, याचं नवल वाटलं. गोवा तेव्हा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ. त्यामुळे युद्ध सुरू झाल्यावर जर्मनांच्या एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि इटालियनांची आंफोरा, अशी चार मालवाहू जहाजं मुरगावच्या बंदरात अडकून पडली. ब्रिटिशांचा संशय होता की एरेनफेल्सवरच्या गुप्त बिनतारी यंत्रातून हिंदी महासागरातल्या यू-बोटींना जहाजांच्या खबरा जातात. मार्च 1943 मध्ये कलकत्त्याच्या हौशी घोडदळातले काही पोक्त गोरे एका जुन्या बार्जवरून आले आणि रात्री एरेनफेल्सवर चढले. जर्मनांनी व्हॉल्व उघडले. ते पाहून बाकीच्या तीन जहाजांवरच्या लोकांनीही आपापली जहाजं पेटवली आणि बुडवली. ब्रिटिशांनी पुढे कित्येक वर्षं या छाप्याची वाच्यता केली नाही.

माझे आजोबा बंदरात कामाला होते. ते सांगायचे, ‘जर्मनांनी आपल्योच बोटी बुडयल्यो’. छाप्याबिप्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांना दिसली ती आग. पण वाक्य बघा. ‘आपल्योच’ हा एक शब्द स्कटलचं सगळं काम करतो. त्यातला ‘च’ फार महत्त्वाचा.

रेघोट्या:
वा, हे झकास आहे. ‘आपलीच बोट बुडवली’. पण ‘बोट’ म्हटलं की वाचकाला छोटीशी काही वाटणार नाही ना? ग्राफ स्पेवर 28 सेंटीमीटरच्या सहा तोफा होत्या.

गुहागरकर:
ताई, तुम्ही देशावरच्या दिसता. कोकणात बोट म्हणजे मोठी आगबोट, मुंबईहून धूर काढत येणारी. छोटी असते ती होडी. 1947 ची रामदास ‘बोट’ बुडाली म्हणतात, ती काय होडी होती? सहाशेवर माणसं गेली तिच्यात. उलट इंग्रज नौदलवाले पाणबुडीलाच तेवढं बोट म्हणतात आणि बाकी सगळ्यांना शिप. तुमच्या यू-बोटीत ‘बोट’ आहे ती तशी.

निवृत्त सारंग:
हे बरोबर. मुंबईचा विषय निघालाच आहे तर, 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीनला आग लागली, तेव्हाही जहाज बुडवून टाकावं असा सल्ला एका दारूगोळा अधिकाऱ्याने दिला होता. पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. गोदीत पाणी बेताचं, निर्णय कुणाचा यावर घोळ, शेवटी व्हायचं ते झालं. स्कटल न केल्याची किंमत मुंबईने मोजलीय.

शुद्धमती:
आपण भरकटतोय. मूळ प्रश्न शब्दाचा आहे. सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द रूढ केले तेव्हाही लोक असेच हसले होते. आज ते शब्द कुणाला खटकतात? ‘पाणबुडी’ही त्यांचीच देणगी असावी.

प्राकृतप्रेमी:
पुरावा? चांगला शब्द दिसला की सावरकरांच्या खात्यावर जमा करायचा ही खोड आहे. पाण्यात बुडी मारणारा तो पाणबुड्या, हे कोळ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्याची पाणबुडी व्हायला भाषाशुद्धी कशाला?

निवृत्त सारंग:
सावरकरांवरून एक आठवलं. ब्रिटिश नौदलात बोटीच्या बाजूच्या गोल खिडकीलाही स्कटलच म्हणतात. 1910 मध्ये मार्सेलिसला मोरिया बोटीच्या अशाच खिडकीतून त्यांनी उडी मारली. म्हणजे स्कटलमधून.

शुद्धमती:
काका, हे मात्र मला माहीत नव्हतं. छान.

रेघोट्या:
पुढच्या प्रकरणात बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका आहे आणि तिथे गुंता आणखी वाढतो. 24 मे 1941 ला तिने ब्रिटिशांची हूड बुडवली. तिथे प्रश्न नाही, शत्रूने बुडवली. पण 27 तारखेला बिस्मार्क बुडाली ती कुणी बुडवली? ब्रिटिश म्हणतात आमच्या तोफांनी आणि पाणतीरांनी. तिच्यावरून वाचलेले जर्मन म्हणतात, आम्हीच आतून सुरुंग लावले होते. 1989 मध्ये सांगाडा सापडला तरी वाद चालूच. इथे काय लिहू?

निवृत्त सारंग:
इथे तुमचं पहिलं वाक्य वापरा. ‘बिस्मार्क बुडवण्यात आली’. ‘सूचना देण्यात येते की’ छापाच्या सरकारी मराठीला मी कायम नावं ठेवतो, पण कर्ता लपवायचाच असेल तर तिच्याइतकी सोयीची दुसरी भाषा नाही.

हाम्बुर्गचा पंत:
‘आली’ का पण? जर्मनमध्ये युद्धनौकांची नावं स्त्रीलिंगी चालवतात, पण बिस्मार्कचा कप्तान लिंडेमान म्हणे हट्टाने पुल्लिंगी वापरायला लावायचा. इतकं ताकदवान जहाज बाई कसं असेल, असा त्याचा हिशेब. वाचलेल्या एका अधिकाऱ्याने तसं लिहून ठेवलंय. तेव्हा ‘बिस्मार्क बुडाला’ हवं.

शुद्धमती:
बिस्मार्क बुडाला म्हटलं तर चॅन्सेलर बुडाला असं वाटेल. युद्धनौका स्त्रीलिंगी, म्हणून ‘बुडाली’च.

गुहागरकर:
आणि जहाज म्हटलं की ‘बुडालं’. गलबत, तारू नपुंसक, मचवा, पडाव पुल्लिंगी, होडी, नौका स्त्रीलिंगी. नावाला लिंग नसतं, मागे कुठला शब्द धरलाय त्याला असतं.

टवाळ:
ग्राफ स्पेला इंग्रजीत ‘पॉकेट बॅटलशिप’ म्हणतात. ताई, तुम्ही ‘खिशातली युद्धनौका’ लिहिलंत की नाही?

रेघोट्या:
बाईंनी ‘छोटेखानी’ सुचवलंय. पण मग ‘युद्धनौका’ बॅटलशिपलाही आणि कुठल्याही वॉरशिपलाही वापरायचं का? एका वाक्यात ‘युद्धनौकेने तीन युद्धनौकांशी’ असं होतंय.

निवृत्त सारंग:
क्रूझरला क्रूझरच ठेवा, डिस्ट्रॉयरला विनाशिका. बॅटलशिपला आंग्र्यांच्या वेळचं काही सापडतं का बघूया. गुराब कशी वाटते?

प्राकृतप्रेमी:
गुराब अरबी आहे, कावळा. शुद्धमतीताईंना चालणार नाही.

शुद्धमती:
आंग्र्यांना चालली ना? मग मलाही चालेल. फक्त ‘आरमार’ पोर्तुगीजांकडून आलं म्हणून ते कुणी काढायला सांगू नका, कालच माझ्या लेखात चारदा वापरलंय.

वास्कोकार:
गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची असायची, तोफा समोरून डागायच्या. 28 सेंटीमीटरच्या तोफांना गुराब म्हणणार? त्यापेक्षा पाल.

गुहागरकर:
पाल ही पण आंग्र्यांच्याच आरमारातली, कबूल. पण ‘जर्मनांनी आपलीच पाल बुडवली’ लिहून दाखवा एकदा.