‘गवई’ म्हणजे गायकच का?

प्रश्न : रेडिओवर रागदारी लागली की आमचे आजोबा विचारायचे, ‘गवई कोण आहे?’ सिनेमाचं गाणं असलं की मात्र ‘कोण गातंय?’ एवढंच. गवई आणि गायक यांत खरंच फरक आहे का? आणि ‘गवईला’ म्हणायचं की ‘गवयाला’?

– फरक आजोबांनी दाखवलाच आहे की! गायक हा सगळ्यांना पुरणारा शब्द : भावगीतगायक, पार्श्वगायक, गायक-नट. गवई म्हणजे गुरूकडे तालीम घेऊन रागदारी गाणारा, बहुतेक वेळा त्यावरच पोट असणारा. ‘दरबारी गवई’ कानाला बरोबर लागतं, ‘पार्श्वगवई’ म्हटलं तर हसू येईल. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, रामकृष्णबुवा वझे हे गवई. पण तोंडावर कुणी ‘अहो गवई’ म्हणत नसे. तिथे बुवा किंवा खाँसाहेब. शाहिरामागे झील धरणारा, म्हणजे मागून सुरात साथ देणारा, गातोच, पण तो झीलकरी. त्यालाही गवई म्हणत नाहीत.

– रूपाचं सांगतो. शिपाई–शिपायाला, कसाई–कसायाला, तसंच गवई–गवयाला. ‘गवयाचं पोर रडलं तरी सुरात’ ही म्हण आहेच. (संस्कृतात ‘गवय’ म्हणजे गवा. तो अर्थ घेतला तर म्हणीतलं पोर हंबरायला लागेल!) हल्ली ‘गवईला’ सर्रास ऐकू येतं, मला ते खटकतं.

– आडनाव असेल तर मात्र ‘गवईंना’च. 2025 मध्ये भूषण गवई सरन्यायाधीश झाले तेव्हा ‘गवई यांनी’, ‘गवईंनी’ असंच छापून येत होतं. ‘गवयांनी’ लिहिलं असतं तर मैफल बसल्यासारखं वाटलं असतं. पूर्वी आडनावाचंही सामान्यरूप करत, ‘गोखल्यांनी’ वगैरे. आता ते मागे पडत चाललंय.

– आणि बायकांचं काय? ‘गायकी’ हे गायकाचं स्त्रीलिंग नव्हे, ती गाण्याची रीत : ग्वाल्हेर गायकी, जयपूर गायकी. गायिका हा शब्द आहे, पण जुन्या रसिकांच्या बोलण्यात केसरबाई, मोगूबाई, हिराबाई. नावातच ‘बाई’ आली की वेगळं काही सांगावं लागत नसे. किशोरी आमोणकरांच्या पिढीला ‘ताई’ झाली.

– प्रश्न मीच विचारला होता. आत्ता आठवलं, रेडिओवर बाईचा आवाज असला की आजोबा ‘गवई कोण?’ असं विचारायचेच नाहीत. ‘या कुठल्या बाई?’ असं म्हणायचे.