स्पिती: शिमल्याकडून शिरावं की मनालीकडून?

सह्यभटका: सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौघं हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात निघतोय. हाताशी नऊ दिवस, गाडी चंडीगढहून. सोबत ६३ वर्षांची आई. ताबो, धनकर आणि ‘की’ हे गोंपा (बौद्ध मठ) बघायचेत, जमलं तर पिन-भाबा ट्रेकही. मनालीहून एका दिवसात काझा (स्पितीचं मुख्य गाव) गाठता येतं, मग शिमल्याकडून किन्नौरचा वळसा कशाला घालायचा?

उंचसखल: वळसा उंचीसाठी. मनाली २,०५० मीटरवर. सकाळी तिथून निघून ४,५५१ मीटरची कुंझुम खिंड ओलांडायची आणि रात्री काझ्यात ३,६५० मीटरवर झोपायचं, म्हणजे डोकेदुखी-मळमळीला आमंत्रणच. शिमल्याकडून नारकंडा (२,७००), कल्पा (२,९६०), ताबो (३,२८०) अशा तीन रात्री काढून चौथ्या दिवशी धनकर बघत काझा. पुढच्या दोन रात्रीही काझ्यातच: एक दिवस ‘की’ गोंपा, एक दिवस लांगझा-हिक्किम-कोमिक ही वरची गावं. कोमिक जवळपास ४,६०० मीटरवर आहे, तिथे फिरा पण मुक्काम खालीच करा. सातवी रात्र चंद्रताल तलावाजवळ, मग मनाली, चंडीगढ. आईंना काझ्यात त्रास झाला तर चंद्रताल सरळ गाळा, ते ४,२५० च्या आसपास आहे. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

नालापार: परतीच्या मनाली रस्त्यावरचा बातल-ग्रांफू पट्टा कमी लेखू नका. रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळी घोट्याएवढे असतात. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी त्याच पाण्यात छोट्या गाडीचं बंपर बुडतं. चंद्रतालहून उजाडताच निघा. नाल्यात गिअर बदलू नका, पहिल्यातच सावकाश पार करा. किन्नौरात पोवारीला टाकी भरा, पुढचा पंप थेट काझ्यात. काझा ते मनाली मध्ये पंप नाही. रोख पैसे जवळ ठेवा, काझ्याच्या एटीएमच्या भरवशावर राहू नका.

पायवाट: पिन-भाबा या नऊ दिवसांत विसरा. किन्नौरातल्या काफनूहून पिन खोऱ्यातल्या मुद गावात उतरेपर्यंत तीन-चार मुक्काम लागतात, खिंड ४,९०० च्या वर, पिनच्या बाजूला घसरडा मुरूम. त्याऐवजी धनकर गावातून वरच्या तलावापर्यंत चढा: तासा-दीड तासाची खडी वाट, सावली नाही, पाणी खालूनच न्या. पण चौथ्या दिवशी हे धावतपळत होईल, काझ्याहून पुन्हा यावं लागलं तरी चालेल.

ताबोला मात्र घाई नको. गोंपा ९९६ सालचा. बाहेरून नुसत्या मातीच्या ठेंगण्या भिंती दिसतात, म्हणून लोक दहा मिनिटांत निघतात. मुख्य दालनात आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या, मग भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती आणि त्यांच्याखालची चित्रं दिसू लागतात. आत फोटो काढायला मनाई आहे. स्तूपाला वळसा डावीकडून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखाच.

सह्यभटका: ठरलं, शिमल्याकडून. पिन-भाबा पुढच्या वर्षी.