प्रागमध्ये चार पूर्ण दिवस: चढ-उतार सांभाळून आखणी कशी करावी?

रानजाई:

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन प्रागला जाण्याचे ठरले आहे. व्हिसा आणि विमानाची तिकिटे हातात आली आहेत. बुधवारी संध्याकाळी पोहोचू आणि सोमवारी, म्हणजे २८ सप्टेंबरला, रात्री निघू. गुरुवार ते रविवार असे चार दिवस पूर्ण मोकळे आहेत आणि सोमवारचा बराचसा वेळही हाताशी आहे.

बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी ज्या खिडकीतून पडली, ती खिडकी पाहायचीच, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले आहे. आईला चालायला आवडते, पण तिचे गुडघे चढणीला आणि पायऱ्यांना दाद देत नाहीत. माझा कच्चा बेत असा आहे: गुरुवारी सकाळी चार्ल्स पुलावरून चालत किल्ल्यावर जावे, शुक्रवारी रेल्वेने व्हिएन्ना पाहून रात्री परत यावे, शनिवारी जुने शहर आणि ज्यू वस्ती पाहावी, आणि रविवारी सकाळी गर्दी कमी असेल असे समजून किल्ल्यातले सेंट व्हायटस कॅथेड्रल निवांत पाहावे. राहण्याची सोय किल्ल्याच्या पायथ्याशी, माला स्त्राना भागात करण्याचा विचार आहे.

या बेतात काही उलटसुलट होत असेल तर कृपया सांगावे. पैसे आणि ट्रॅम-मेट्रोच्या तिकिटांबद्दलही मार्गदर्शन मिळाल्यास बरे होईल.

शिलालेख:

आपण निवडलेली ठिकाणे उत्तम आहेत, मात्र वार जवळजवळ सगळेच बदलावे लागतील. ज्यू संग्रहालय शनिवारी बंद असते आणि रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे कॅथेड्रलमध्ये पर्यटकांना दुपारी बारानंतरच सोडतात. म्हणजे आपल्या बेतातले हे दोन्ही दिवस दारावरूनच परत फिरण्यात गेले असते.

प्रागची रचना एकदा नीट समजली की बाकीचे सोपे होते. मधून व्ल्टावा नदी वाहते. तिच्या उजव्या तीराला जुने शहर आणि ज्यू वस्ती सपाट जमिनीवर आहेत, तर डाव्या तीराला किल्ला टेकडीवर आहे. पूल ओलांडून पायी किल्ला गाठायचा म्हणजे नेरुडोव्हा या दगडी फरसबंदीच्या रस्त्याची चढण चढायची किंवा पायऱ्यांची वाट धरायची. आपल्या आईंसाठी दोन्ही नकोत. बावीस क्रमांकाची ट्रॅम घ्यावी आणि किल्ल्याच्या थांब्यावर न उतरता पुढे पोहोर्झेलेत्सपर्यंत जावे. तो थांबा किल्ल्यापेक्षा उंचावर आहे. तेथून स्त्राहॉव्हचा मठ आणि लोरेता हे तीर्थस्थान पाहत रमतगमत उतरले की आपण किल्ल्याच्या मुख्य दाराशी येतो. मठाच्या ग्रंथालयाची दोन भव्य दालने सामान्य तिकिटावर दारातूनच पाहायला मिळतात, आत पाऊल ठेवता येत नाही. तरीही छतावरच्या चित्रांसाठी ती पाहावीतच.

म्हणूनच माला स्त्रानापेक्षा नामेस्ती मीरू या चौकाच्या आसपास राहावे, असे मी सुचवेन. माला स्त्राना देखणा भाग आहे यात शंका नाही, पण तेथे दररोज संध्याकाळी थकल्या पायांनी दगडी रस्ता तुडवावा लागतो. नामेस्ती मीरूवरून बावीस क्रमांकाची ट्रॅम थेट किल्ल्याकडे जाते. या चौकाखालचे मेट्रो स्थानक सुमारे ५३ मीटर खोल आहे आणि त्याचा सरकता जिना इतका लांब व उभा आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याचे डोळे फिरतात. आईंना तेथे मेट्रोऐवजी ट्रॅमनेच न्यावे. या ट्रॅममध्ये पर्यटक खच्चून भरलेले असतात आणि त्यांच्या मागोमाग खिसेकापूही येतात, एवढे ध्यानात ठेवावे.

किल्ल्याच्या आवारात प्रवेश विनामूल्य आहे. इमारतींचे तिकीट दोन दिवस चालते, त्यामुळे सारे एका दमात उरकण्याची घाई करू नये. दुपारी बारा वाजता पहिल्या चौकात पहारा बदलण्याचा मोठा समारंभ होतो आणि त्याला भरपूर गर्दी लोटते. ज्यांना तो पाहायचा नाही त्यांनी नेमका तोच वेळ आतल्या इमारतींसाठी वापरावा.

कॅथेड्रलबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण बहुतेक जण वर पाहत आत शिरतात आणि वरच पाहत बाहेर पडतात. बांधकाम १३४४ मध्ये सुरू झाले आणि इमारत पूर्ण झाली ती १९२९ मध्ये. आपण ज्या पश्चिम दाराने आत जातो तो भाग एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला आहे आणि जसजसे पूर्वेकडे वेदीकडे सरकावे तसतसे आपण चौदाव्या शतकात शिरतो. डाव्या हाताला चेक चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी लागते. तिच्यातले निळे-हिरवे रंग काचेवर रंगवलेले आहेत, तुकडे जोडून साधलेले नाहीत, हे जवळ गेल्यावर स्पष्ट दिसते. उजवीकडे चेक देशाचा रक्षक संत वाक्लाव याचे दालन आहे. त्याच्या भिंतींवर घासून गुळगुळीत केलेले रंगीत मौल्यवान दगड बसवलेले आहेत आणि दालन उंबऱ्यावरूनच पाहावे लागते. बाहेर पडल्यावर वळसा घालून दक्षिण बाजूला जावे. तेथील जुन्या दारावर अंतिम निवाड्याचे चौदाव्या शतकातले मोझेक आहे आणि ते पाहायला तिकीट लागत नाही.

बाबांची खिडकी जुन्या राजवाड्यात आहे. आधी व्लादिस्लाव्ह सभागृह लागते. तेथे घोडेस्वारांचे सामने होत, म्हणून घोडे वर नेता यावेत अशा रुंद आणि बेताच्या पायऱ्या एका बाजूला बांधलेल्या आहेत. त्याला लागून असलेल्या कचेरीच्या दालनातून २३ मे १६१८ रोजी बंड करून उठलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी दोन राजप्रतिनिधींना आणि त्यांच्या चिटणीसाला खाली फेकले, हीच ती ठिणगी. तिघेही जिवंत राहिले.

किल्ल्यावरून परतताना पूर्वेकडच्या जुन्या पायऱ्या उतरू नयेत, कारण खराब गुडघ्यांना उतार हा चढाइतकाच जाचतो. दुसऱ्या चौकातून उत्तरेकडे निघून खंदकावरच्या पुलावरून गेले की जवळजवळ सपाट वाटेने ट्रॅमचा थांबा येतो.

हिशेबनीस:

मी फक्त पैशांपुरते लिहितो. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आणि शेंगेन क्षेत्रात असले तरी चलन युरो नाही, कोरुना आहे. पर्यटकांच्या दुकानांत युरो घेतात, पण त्यांच्या मर्जीच्या दराने. कार्ड बहुतेक सगळीकडे चालते. एटीएम किंवा दुकानातले यंत्र "तुमच्या चलनात रक्कम वळती करू का" असे विचारते, तेव्हा नकार देऊन कोरुनाच निवडावा, कारण त्या सोयीच्या नावाखाली लावलेला दर नेहमीच अंगलट येतो. स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी जवळ असावीत.

रस्त्यात कोणी "चांगला दर देतो" म्हणून नोटा पुढे केल्या तर थांबूही नये. अशा वेळी दुसऱ्याच देशाच्या, कधी चलनातून बाद झालेल्या नोटा माथी मारल्या जातात. अधिकृत विनिमय केंद्रातही पैसे देण्यापूर्वी हातात नेमके किती कोरुना पडणार हे विचारून घ्यावे. "कमिशन नाही" या पाटीवरून दर चांगला आहे असे समजू नये. २०१९ पासून तेथील कायद्याने १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे, म्हणून पावती जपून ठेवावी.

तिकिटांचे दोन प्रकार नीट ओळखावेत. यंत्रातून घेतलेले कागदी तिकीट पहिल्या प्रवासाच्या सुरुवातीला पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तसे न केल्यास ते तिकीट असून नसल्यासारखेच आणि तपासनीस कोणतीही सबब ऐकत नाहीत. ट्रॅममधल्या कार्डाच्या यंत्रावर घेतलेल्या तिकिटाला मात्र शिक्का लागत नाही, ते त्याच क्षणी सुरू होते.

उत्तरायण:

शिलालेख यांनी किल्ल्याबद्दल जे लिहिले आहे त्याला हरकत नाही, पण बाबांचा ओढा जर १६१८ कडे असेल तर केवळ खिडकी दाखवून थांबणे म्हणजे त्यांना गोष्टीचे पहिलेच पान वाचायला देण्यासारखे होईल. पुढची पाने शहरात इतरत्र विखुरलेली आहेत. त्या बंडाचा निकाल ८ नोव्हेंबर १६२० रोजी बिला होरा, म्हणजे पांढऱ्या टेकडीवर लागला आणि योगायोग असा की बावीस क्रमांकाच्या ट्रॅमचा पश्चिमेकडचा शेवटचा थांबा तेथेच आहे. रणभूमीवर दगडांची एक लहानशी रास सोडल्यास पाहण्यासारखे फारसे नाही, तरी इतिहासाच्या शिक्षकाला तेवढे पुरे होईल. त्यानंतर जुन्या शहराच्या मुख्य चौकात जावे. नगरभवनाच्या भिंतीलगत जमिनीत पांढऱ्या दगडांचे सत्तावीस क्रूस बसवलेले आहेत. २१ जून १६२१ रोजी या चौकात बंडातल्या सत्तावीस जणांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांपैकी बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या जुन्या शहराकडील बुरुजावर कित्येक वर्षे टांगलेली होती. नगरभवनावरच्या खगोलीय घड्याळाकडे माना वर करून उभे असलेले शेकडो लोक त्या क्रूसांवरूनच चालत जातात.

त्या घड्याळाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. तास पडला की सांगाडा दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्या उघडून येशूच्या प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, कोंबडा आरवतो आणि खेळ मिनिटभरात आटोपतो. तेवढ्यासाठी आईंना अर्धा तास गर्दीत उभे करू नये. तासानंतर पंधरा-वीस मिनिटांनी जावे. तेव्हा १४१० च्या या यंत्राची तबकडी समोर उभे राहून वाचता येते. सर्वांत बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी अक्षरांत १ ते २४ असे आकडे आहेत. ते कडे वर्षभर पुढे-मागे सरकत राहते, कारण जुन्या बोहेमियन (चेक) पद्धतीत दिवस सूर्यास्ताला संपत असे आणि चोविसावा तास सूर्यास्ताशी जुळवावा लागे. नगरभवनाच्या बुरुजावर जायला लिफ्ट आहे, त्यामुळे शहराचे वरून दर्शन आईंनाही घेता येईल.

ज्यू वस्तीसाठी गुरुवार ठेवावा. पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, भिंतींवर नाझी काळात मारल्या गेलेल्या बोहेमिया आणि मोराविया या चेक प्रांतांतल्या सुमारे ऐंशी हजार ज्यूंची नावे गावागावांनुसार हाताने लिहिलेली आहेत. १९६८ नंतर सिनेगॉग बंद राहिले आणि ती नावे नष्ट झाली, मग १९९० नंतरच्या दशकात सगळी पुन्हा लिहिण्यात आली. वरच्या मजल्यावर नाझींच्या तेरेझीन छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रे आहेत. शेजारीच जुनी दफनभूमी आहे. जागा वाढवता येत नसल्याने थडग्यांवर थर चढत गेले आणि एकमेकांना रेलून उभ्या असलेल्या शिळांची संख्या बारा हजारांच्या घरात आहे. या दोन ठिकाणांनंतर त्या दिवशी आणखी काही पाहण्याची इच्छा उरत नाही, हा बहुतेकांचा अनुभव आहे, त्यामुळे दुपार मोकळी ठेवावी.

व्हिएन्नाचा विचार सोडावा. रेल्वेला एका बाजूने चार तास लागतात, म्हणजे आठ तास डब्यात आणि उरलेल्या वेळात धावपळ. बाहेरगावीच जायचे असेल तर कुत्ना होरा गाठावे. मुख्य स्थानकावरून तासाभराचा प्रवास आहे. प्रागचे वैभव ज्या चांदीवर उभे राहिले ती चांदी तेथल्या खाणींतून निघाली आणि प्रागचा ग्रोशेन हे नाणेही तेथेच पाडले जाई. तेथल्या सेडलेत्स भागातले अस्थिगृह रेल्वे स्थानकाजवळ आहे. सुमारे चाळीस हजार माणसांच्या हाडांची ती रचना पाहावी की नाही हे आईंना आधी विचारून ठरवावे. त्याचे तिकीट दारात नव्हे तर जवळच्या माहिती केंद्रात मिळते आणि आत छायाचित्रे काढता येत नाहीत. सेंट बार्बराचे चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तेथपर्यंत बस किंवा टॅक्सीने जावे.

रानजाई:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता बेत असा झाला आहे: गुरुवारी ज्यू वस्ती आणि संध्याकाळी जुन्या शहराचा चौक, शुक्रवारी पोहोर्झेलेत्सवरून किल्ला, शनिवारी कुत्ना होरा. व्हिएन्ना रद्द केल्याचे ऐकून आईचा चेहरा खुलला. चार्ल्स पूल कोणत्या वेळी पाहावा, आणि रविवार-सोमवार कसे योजावेत?

शिलालेख:

पूल सूर्योदयाच्या सुमारास पाहावा. सप्टेंबरअखेर तेथे सातच्या आसपास उजाडते, म्हणजे फार लवकर उठण्याचीही गरज नाही. पुलाची पायाभरणी १३५७ ची आहे, पण त्यावरचे तीस पुतळे बहुतांशी सतराव्या-अठराव्या शतकांत उभारलेले आहेत, आणि आज दिसतात त्यांपैकी बरेच नकला आहेत. त्यांपैकी नेपोमुकच्या संत यानच्या पुतळ्याखाली दोन ब्राँझचे फलक आहेत. हात लावून लावून त्यांतली ठरावीक आकृती तेवढी पिवळीधमक झाली आहे आणि बाकीचा फलक काळाच राहिला आहे. दहानंतर तो फलक माणसांच्या पाठींआड जातो.

रविवारी विशेहराड हा जुना किल्ला गाठावा. तेथील मेट्रो स्थानक पुलाच्या पोटात, जमिनीच्या पातळीला आहे, त्यामुळे बाहेर पडल्यावर तटबंदीपर्यंतची वाट बरीचशी सपाट आहे. तटावरून नदीचे वळण आणि लांबवरचा प्रागचा किल्ला दिसतो. तेथल्या दफनभूमीत स्मेताना आणि ड्वोर्झाक हे संगीतकार आणि मुखा विसावले आहेत, म्हणजे शुक्रवारी ज्याची खिडकी पाहिली त्याची समाधीही पाहून होईल. बाबांना पांढऱ्या टेकडीवर न्यायचे असल्यास दुपार त्यासाठी ठेवावी.

सोमवार २८ सप्टेंबर हा संत वाक्लावाचा दिवस आहे आणि तेथे राष्ट्रीय सुट्टी असते. कायद्यानुसार २०० चौरस मीटरपेक्षा मोठी बहुतेक दुकाने त्या दिवशी बंद राहतात, म्हणून खरेदी आणि प्रवासातले खाणेपिणे रविवारीच घेऊन ठेवावे. कॅथेड्रलमध्ये त्या दिवशी प्रार्थना असतात, तेव्हा किल्ल्याचे काही राहिले असल्यास ते शनिवारी सकाळी, त्याच तिकिटावर, कुत्ना होराची गाडी थोडी उशिराची घेऊन उरकावे.

हिशेबनीस:

एक राहिले. ज्यू पंचांगातले मोठे सण बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच येतात आणि त्या दिवशीही ज्यू संग्रहालय बंद असते. निवास पक्का करण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरचे सुट्ट्यांचे वेळापत्रक पाहून घ्यावे. गुरुवार बंद निघालाच तर शुक्रवारशी अदलाबदल करावी, किल्ल्याला त्याने काही फरक पडत नाही.