दार अगदीच बंद नाही होत

'सहाव्या वर्षानंतर मेंदू घडायचा थांबतो' असं बरेचदा म्हटलं जातं, ते अर्धंच खरं वाटतं. हा समज बराचसा ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून आला (१९८१ चं नोबेल). मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून ठेवला, तर तो नंतर उघडूनही जवळजवळ निकामीच राहायचा, कारण मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकलेलाच नसायचा. बिचारी पिल्लं!

पण अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांचा 'प्रोजेक्ट प्रकाश' बघा. उत्तर भारतातल्या, जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया करून, त्यांचा मेंदू बघायला कसा शिकतो याचा अभ्यास ते करतात. २०११ च्या त्यांच्या शोधनिबंधात ८ ते १७ वयाची पाच मुलं होती. पट्टी काढल्यावर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखायला सांगितली, तर उत्तरं जवळपास अंदाजपंचेच. काही दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा मात्र तीच ओळख बऱ्यापैकी जमायला लागली होती!

अर्थात नजर तीक्ष्ण होत नाही, ती उणीव राहतेच. त्यामुळे बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली, तर 'मोठा झाल्यावर बघू' म्हणू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.