मोकळ्या प्लॉटवरील कचरा, तुंबलेली गटार आणि लॉन्सचा आवाज : तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

गिरणाकाठ

खान्देशातील एका तालुक्याच्या गावी, वस्ती संपून कपाशीची शेते सुरू होतात त्या कडेच्या कॉलनीत आम्ही अकरा वर्षांपासून राहतो. घरासमोर रस्त्यापलीकडे एक मोकळा प्लॉट आहे. आधी तेथे कोणी पाडलेल्या घराचा राडारोडा आणून टाकला, पाठोपाठ हॉटेलांतले उरलेले अन्न येऊ लागले, आणि आता रात्री कोणीतरी तो ढीग पेटवून देते. शेजारच्या आजींना दमा असल्याने त्या दिवशी त्यांचे दार-खिडक्या सकाळपर्यंत बंद असतात. दुसरी अडचण अशी की, गल्लीच्या वरच्या अंगाला असलेल्या गोठ्यातील शेण गटारीत लोटले जाते, गटार तुंबते आणि पाणी आमच्या ओट्याला लागते. लग्नसराईत जवळच्या लॉन्समध्ये रात्री बारापर्यंत डीजे वाजतो, ही तिसरी.

नगरसेवकांच्या ग्रुपवर फोटो टाकून झाले, मुकादमांना चार वेळा सांगितले, कार्यालयात फोनही केला. प्रत्येक वेळी "माणूस पाठवतो" एवढेच उत्तर मिळाले. तिन्ही गोष्टींचा एकच अर्ज द्यावा काय आणि तो कोणाच्या नावे असावा? आणखी एक संकोच आहे. गोठा ज्यांचा आहे त्यांच्याकडूनच आम्ही दूध घेतो आणि घरोबाही आहे.

आवकजावक

ताई, एका नगरपालिकेत आवक-जावक टेबलावर माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे आतल्या बाजूने सांगतो. आपण आजवर जे केले त्यापैकी एकाचीही कार्यालयात नोंद नाही. फोन, ग्रुपवरचा फोटो आणि मुकादमांना रस्त्यात सांगितलेली गोष्ट यांना आवक क्रमांक पडत नाही, आणि क्रमांक नसलेल्या तक्रारीबद्दल कोणालाही विचारता येत नाही. मुकादम चांगला असला तर तो काम करून टाकतो, त्याची बदली झाली की आपण पुन्हा पहिल्या दिवशी येतो.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा, विषयाच्या ओळीत जागा लिहावी, आणि तीन विषयांचे तीन अर्ज करावेत. एकाच अर्जात कचरा, गटार आणि डीजे आले की तो कागद आरोग्य विभागातून बांधकाम विभागाकडे आणि तेथून परत आरोग्याकडे फिरत राहतो, प्रत्येक टेबल आपला भाग सोडून उरलेल्या भागावर शेरा मारते आणि वर्ष निघून जाते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि खरे सांगायचे तर असे शेरे मीही मारले आहेत. जागा सांगताना "अमुक यांच्या घराजवळ" असे न लिहिता जवळच्या विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक लिहावा. स्वच्छता निरीक्षक नवा असला तरी तो खांब शोधू शकतो. कचरा कोणत्या वारी, किती वाजता पेटतो, याची दोन आठवड्यांची टिपणे तारखांसह जोडावीत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच जपून ठेवावी. टेबलावरचा माणूस "ठेवून जा" म्हणाला तर नम्रपणे तेथेच उभे राहावे.

मोकळा प्लॉट खासगी असला तरी "मालकाला सांगा" हे उत्तर पुरेसे नाही. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 प्रमाणे खासगी जागेतील घाण हटवण्याची नोटीस मालकाला देता येते, आणि मालक कोण हे पालिकेच्या मालमत्ता कर आकारणीच्या नोंदवहीत सापडते. बरेचदा तो पुण्यात किंवा सुरतेत असतो आणि नोटीस पोहोचेपर्यंत त्याला प्लॉटवर काय चालले आहे याचा पत्ताही नसतो.

महिनाभरात हालचाल दिसली नाही, तर 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा आणि "आवक क्रमांक अमुक या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मिळावी" एवढेच मागावे. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे. "कार्यवाही का केली नाही" असे विचारू नये, कारण मागायची असते ती कागदावरची माहिती. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. बहुतेकदा टिपणी हा अर्ज आल्यानंतरच लिहिली जाते, पण लिहिली जाते!

पांझरेचा पाहुणा

आवाजाचा अर्ज पालिकेला देऊन उपयोग नाही, ते काम पोलिसांचे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत जी सवलत असते ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी, वरातीसाठी नव्हे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, पण मोबाइलवर डेसिबल मोजत बसू नका. 10 वाजून गेले की 112 क्रमांकावर फोन करा आणि वेळ टिपून ठेवा. आमच्या गल्लीत लागोपाठ तीन लग्नांत असे फोन गेल्यावर लॉन्सवाले स्वतःच साडेनऊला आवाज कमी करू लागले.

गिरणाकाठ

आवकजावक अप्पा, आपले मनापासून आभार. खांबाचा क्रमांक पाहायला गेले तेव्हा एक वेगळीच गोष्ट कळली. आमची घरपट्टी पालिका घेते, परंतु पालिकेची हद्द आमच्या रस्त्यावरच संपते आणि पलीकडचा तो प्लॉट शेजारच्या ग्रामपंचायतीत मोडतो, असे तलाठी कार्यालयात गट क्रमांक पाहून सांगण्यात आले. म्हणजे ढीग एकाच्या हद्दीत आणि धूर दुसऱ्याच्या. घंटागाडी आमच्या बाजूनेच का वळून जाते, तेही आता उमजले. आता काय करावे?

बोरीकाठचा वकील

हद्दीच्या कडेला वाढलेल्या आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक एन.ए. (बिनशेती) कॉलनीची हीच गोष्ट आहे. प्लॉटचा अर्ज सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात) यांच्या नावे द्यावा आणि प्रत पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांना द्यावी. कचरा पालिका हद्दीतील हॉटेलांतून येत असल्याने मुख्याधिकाऱ्यांकडेही अर्ज हवाच, पण त्यात टाकणाऱ्या गाड्यांविषयी लिहावे, प्लॉटविषयी नाही.

दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवू लागली, तर प्रांताधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 152 खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 133 खाली, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश ते देऊ शकतात. त्यांचा उपविभाग पालिका आणि ग्रामपंचायत दोघांनाही पोटात घेतो, त्यामुळे तेथे हद्दीचा वाद टिकत नाही. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारींसाठी याच कलमाखाली थेट नगरपालिकेविरुद्ध दाद मागितली होती. पालिकेने पैसे नसल्याचे कारण पुढे केले, आणि ते कारण चालणार नाही, असे 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हे कलम पहिल्याच आठवड्यात वापरू नये, हा मात्र माझा सल्ला. आधीच्या अर्जांच्या पोचा हातात असल्या तरच तेथे वजन पडते.

गिरणाकाठ

ग्रामपंचायतीचा आणि पालिकेचा, असे दोन्ही अर्ज आज दिले आणि पोच घेतली. कचऱ्याच्या अर्जावर गल्लीतील चौदा जणांनी सह्या केल्या. गोठ्याच्या अर्जावर मात्र कोणी सही करीत नाही. दूध सगळेच तेथून घेतात.

आवकजावक

गोठ्याचा अर्ज देण्याआधी एकदा घरी जाऊन त्यांच्याशी बोलावे. गटारीच्या तोंडाशी जाळी आणि शेणासाठी वेगळा खड्डा, एवढ्यावर पुष्कळदा भागते, आणि शेणखताला शिवारात गिऱ्हाईकही असते. ते ऐकत नसतील तर एकट्याच्या सहीनेही अर्ज चालतो, सह्यांची संख्या कोठेही ठरलेली नाही. उलट जिल्हाधिकाऱ्यांकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जो लोकशाही दिन असतो, तेथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाचीच लागते, चौदा सह्यांचे निवेदन तेथे घेत नाहीत. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो, हे लक्षात ठेवावे.