सायलेंट हंटर ३: क्रू बदलायचे स्वतःचे नियम कोणी पाळतं का?

दर्यावर्दी_७७:
मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीच्या या गेममध्ये सप्टेंबर १९३९ पासून टाइप ७ ची पाणबुडी घेऊन करिअर चालू केलंय, आता मे १९४१ आलाय. दर गस्तीनंतर मेडलं आणि बढत्या देऊन देऊन माझी पोरं इतकी तयार झालीत की लवकर दमत नाहीत, टॉर्पेडो झटपट भरतात, दुरुस्ती भराभर होते आणि मग डेस्ट्रॉयर (शत्रूची पाणबुड्या शोधून मारणारी युद्धनौका) डोक्यावर आला तरी धडधड होत नाही. म्हणून स्वतःलाच नियम घातले. दर गस्तीनंतर चार-पाच अनुभवी माणसं काढायची आणि नवशिके घ्यायचे, फर्स्ट वॉच ऑफिसर (कमांडरच्या खालचा अधिकारी) तीन गस्तींच्या वर ठेवायचा नाही कारण त्याला कधीतरी स्वतःची बोट मिळायला हवी ना, आणि गेलेल्याला परत बोलवायचं नाही. पण चीफ इंजिनियर पहिल्या दिवसापासूनचा आहे, त्याला काढायला मनच होत नाही. तुम्ही काय करता?

खोलपाणी:
चीफला अजिबात काढू नकोस, इतिहास तुझ्या बाजूने आहे. यू-४८ बघ, त्या युद्धातली सगळ्यात यशस्वी जर्मन पाणबुडी. शुल्ट्झे, रोझिंग, ब्लाइखरोट असे कमांडर बदलत गेले, मग परत शुल्ट्झे आला, पण चीफ इंजिनियर त्स्यूर्न तिथेच होता आणि त्याला एप्रिल १९४१ मध्ये नाइट्स क्रॉस हे जर्मनीचं मोठं लष्करी पदक मिळालं. फर्स्ट वॉच ऑफिसर सुहरेनला ते नोव्हेंबर १९४० मध्येच मिळालं होतं, मग १९४१ मध्ये यू-५६४ त्याच्या ताब्यात आली, म्हणजे तुझा ऑफिसरवाला नियम बरोबरच आहे, फक्त तीन गस्ती जरा कमी वाटतात. पण तू सगळ्यांना बदलतोयस आणि कमांडर मात्र तोच! मी बारा गस्ती झाल्या की करिअर थांबवतो आणि नव्या नावाने दुसऱ्या फ्लोटिलात (पाणबुड्यांच्या तुकडीत) सुरू करतो.

हॅम्बुर्गकर:
मी हॅम्बुर्गहून लाबोला जाऊन तिथे जपून ठेवलेली यू-९९५ पाणबुडी आतून बघून आलो, तेव्हापासून गस्तीदरम्यानच्या पाळ्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात. डेकवरच्या खलाशांच्या तीन पाळ्या असायच्या, पण इंजिनवाल्यांच्या दोनच, सहा तास काम सहा तास आराम, तेही त्या डिझेलच्या आवाजात, आणि एक उठला की दुसरा त्याच बंकवर आडवा. ब्रिजवर (वरच्या टेहळणीच्या जागी) चार तासांची पाळी, चौघं जण, प्रत्येकाला आकाश-समुद्राचा एकेक चतुर्थांश. मी गेममध्ये दर चार तासांनी टाइम कॉम्प्रेशन (गेममधला वेळ भरभर पळवणं) थांबवून ब्रिजची पाळी हाताने बदलतो. वेळ खूप जातो, पण रात्री तीनला वादळात कोण वर उभं होतं हे नावानिशी माहीत असतं.

काळोखी_लाट:
माझं म्हणणं नियम सालाप्रमाणे बदलायला हवेत. १९४० मध्ये चार जण बदल, पण १९४३ उजाडलं की अर्धा क्रू नवशिका घे आणि मेडलं जपून दे. त्या एकट्या मे महिन्यात ४१ जर्मन पाणबुड्या गेल्या. सगळ्या युद्धात जर्मन पाणबुड्यांवरच्या साधारण ४० हजार माणसांपैकी ३० हजारांच्या आसपास परत आलीच नाहीत, ते मनात ठेवून खेळलं की बराकीतून नवं पोरगं उचलताना हात थबकतो. मी वहीत प्रत्येकाचं नाव, आला कधी आणि गेला कधी ते लिहितो.

दर्यावर्दी_७७:
खोलपाणी, कमांडरचं डोक्यातच आलं नव्हतं राव. ठरलं, चीफ राहणार, ऑफिसरला पाच गस्ती, आणि बारावी गस्त झाली की मीच उतरणार. वही आजच आणतो, पहिलं नाव चीफचं.