ओव्यांच्या पुस्तकासाठी २८६ जणांचे पैसे घेतले, पुस्तक अजून झालं नाही. लोकांना आता काय आणि कसं सांगू?

बालाघाटची लेक (प्रश्न)

मी केज तालुक्यातली. अंबाजोगाईला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या भागातल्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि क्राउडफंडिंगसाठी आवाहन टाकलं. ५०० रुपयांत एक प्रत. १,५०० रुपयांत प्रत, ओव्यांचा पेनड्राइव्ह आणि पुस्तकात देणाऱ्याचं नाव. शब्द दिला होता २०२५च्या गुढीपाडव्याचा. २८६ जणांनी ३,४२,००० रुपये दिले. संकेतस्थळाचं कमिशन आणि त्यावरचा जीएसटी जाऊन हातात आले ३,१४,०००.

काम मनापासून सुरू केलं होतं. पहिल्याच गावात कळलं की नुसतं जातं असून भागत नाही. घरोघरी दळण गिरणीवर जातं, जाती अंगणात पडून. एका जात्यावर तर रांजण ठेवलेला. तिथल्या एक मावशी म्हणाल्या, "खुंटा हातात नसला तर मला ओवी सुचत नाही बघ." मग टाकी लावणारा, म्हणजे जात्याचे दगड छिन्नीनं खरबरीत करणारा, शोधून आणला. लिंबाखाली बसून त्यानं दोन्ही दगडांना टाकी लावली, दगडाची भुकटी उडून त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मावशींनी जातं धुतलं, मूठभर ज्वारी दळून ते पीठ टाकून दिलं आणि मग खरी वैरण, म्हणजे दळायचं धान्य, घातली. दुसऱ्या मावशी समोर बसल्या, खुंट्यावर चार हात आले आणि जी माउली अर्धा तास "मला काही येत नाही" म्हणत होती तिनं भावाच्या सतरा ओव्या एका बैठकीत म्हटल्या. जात्याच्या घरघरीत पहिल्या दिवशीचा निम्मा आवाज बुडाला. तेव्हापासून एक माइक पदराला लावायला लागले.

एप्रिल-मेमध्ये अशी ११ गावं झाली. ठरली होती २०. जूनला पेरण्या, मग खुरपणी. दिवसभर वाकून आलेल्या बाईला रात्री गायला बसवायचं माझ्या जिवावर यायचं. म्हटलं, दसऱ्यानंतर करू. आणि दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला गेल्या. उरलेल्या नऊ गावांत म्हातारी माणसं आणि लेकरं. मी इथलीच. आमच्याकडची निम्मी गावं दसरा-दिवाळीनंतर रिकामी होतात हे मला कुणी सांगायला नको होतं, तरी वेळापत्रक करताना मी ते धरलं नाही. तिथं चूक माझी आहे.

आवाज साफ करायला संभाजीनगरच्या एका ओळखीच्या माणसाला ६०,००० आगाऊ दिले. चार महिने "या आठवड्यात देतो", मग फोन बंद. हार्ड डिस्क परत मिळाली ती एका तिसऱ्याच माणसाकडून, आणि त्यात निम्म्याच फायली. नशीब, मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत माझ्याकडं होती. पैसे गेले. टपालाचा हिशोब मी रजिस्टर्ड बुक पोस्टवर केला होता, ती सेवा १८ डिसेंबर २०२४ पासून बंद झाली. ३२० पानांच्या ५०० प्रतींचं ९२,००० असलेलं कोटेशन आता १,१८,००० झालंय.

इतकं मी मे २०२५ पर्यंत देणाऱ्यांना थोडंथोडं कळवलं. "लवकरच" हा शब्द किती वेळा लिहिला ते परवा मोजलं, नऊ वेळा. त्यानंतर लिहायचंच थांबवलं.

आता जे कुठंच सांगितलं नाही ते. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत आमचं सोयाबीन तर गेलंच, नदीकडच्या पट्ट्यातली माती खरडून गेली. रब्बीला हरभरा पेरायचा तर आधी गाळमाती टाकायला हवी होती. वडलांकडं पैसे नव्हते, माझं तासिकांचं मानधन थकलेलं. मी पुस्तकाच्या खात्यातून ३८,००० काढले. महिन्याभरात भरीन म्हणाले होते. भरले नाहीत. खात्यात आज ४७,००० आहेत.

देणाऱ्यांत एका बचत गटाच्या २१ जणी आहेत, प्रत्येकीचे ५० रुपये. त्यांतल्याच त्या सतरा ओव्या म्हणणाऱ्या मावशींचा गेल्या आठवड्यात उसाच्या फडातून फोन आला. "बाई, पुस्तक झालं का? माझं नाव हाय ना त्यात?" मी अडचणी सांगायला लागले. त्या मधेच म्हणाल्या, "म्हंजी तुम्ही बी उचल घेतली की लोकांची. आमची औंदा फिटली नाही तर पुढल्या साली त्याच मुकादमाकडं जावं लागतं." रागानं नाही म्हणाल्या. समजून घेऊन म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. त्या रात्री झोप आली नाही.

माझ्यापुढं दोन वाटा दिसतात: सगळ्यांना परत करायला कर्ज काढावं, किंवा लहान पुस्तक काढावं. आणि ३८,००० चं सांगावं का? सांगितलं तर पुढं आमच्या भागातल्या कुणावर लोक विश्वास ठेवतील का, ही भीती वाटते.

नांदेडकर, सध्या पुण्यात

ताई, मी तुमच्या यादीत नाही, पण अशाच एका मराठी बोर्ड गेमला २०२२ मध्ये २,००० दिले होते. अजून काही आलं नाही. पैशाचं दुःख दोन महिन्यांत संपलं. राग कशाचा आला सांगू? मी तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही, आणि त्याच माणसाचे सहलीचे फोटो दिसत राहिले. आईला दाखवून सांगितलं होतं की बघ, आपल्या भाषेत असं काहीतरी येतंय. पुढं तिनं दोनदा विचारलं आणि मी विषय बदलला. देणाराही कुणाला तरी शब्द देऊन बसलेला असतो, हे तुमच्या लक्षात असू द्या.

३८,००० चं सांगा. आजच सांगा. दुसऱ्या कुणी हिशोब मागितल्यावर ते बाहेर आलं, तर अतिवृष्टीचं कारण खरं असूनही कुणी ऐकून घेणार नाही. आणि "काही वैयक्तिक अडचणींमुळे" असं लिहू नका, आम्ही ते वाक्य फार वेळा वाचलंय. माती खरडून गेली, हरभरा पेरला, इतके घेतले, असं सरळ लिहा.

फर्मा आणि शाई, लातूर

माझा छोटा प्रेस आहे, म्हणून फक्त छपाईचं बोलतो. ३२० पानं म्हणजे डेमी १/८ आकारात २० फर्मे, एका फर्म्यात १६ पानं. ११ गावांच्या ओव्यांना एवढी पानं कशाला? एका पानावर दोन ओव्या मोकळ्या सोडल्या असतील, पूर्ण पान फोटो असतील. नीट लावलं तर २०८ पानांत, १३ फर्म्यांत बसेल. फोटो वेगळ्या एकाच फर्म्यात घ्या. आतला कागद ७० जीएसएम मॅपलिथो पुरे. ५०० प्रती छापू नका. २८६ देणारे, गाणाऱ्या बायका आणि थोड्या वर, ३५० करा. माझ्या अंदाजानं ५०-५५ हजारांत व्हावं. शिलाई मात्र सोडू नका. नुसत्या डिंकाची बांधणी चुलीजवळच्या फळीवर दोन उन्हाळे टिकत नाही, आणि हे पुस्तक तिथंच राहणार आहे.

कोटेशन वाढलं म्हणून प्रेसवाल्यावर राग धरू नका, कागदाचा भाव आम्ही ठरवत नाही. कोटेशनवर मुदत लिहिलेली असते ती वाचत जा. पुढच्या वेळी पैसे आले की कागद आधी घेऊन ठेवा, बाकी सगळं नंतर.

पेनड्राइव्हच्या जागी क्यूआर कोड छापता येईल, पण १,५०० वाल्यांना आधी विचारा. परस्पर बदलू नका. साठ हजारांसाठी लेखी मागणी पाठवून ठेवा, त्यावर पुस्तक अडवू नका.

पडद्यामागे, परभणी

वर्गणी काढून दोन लघुपट केलेत, त्यातला एक वेळेवर झाला नाही, म्हणून लिहितोय.

हे फक्त तुमच्याच बाबतीत घडलंय असं मनात धरू नका. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावरच्या प्रकल्पांची पाहणी केली, त्यात साधारण ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेलं दिलंच नव्हतं. उशीर तर त्याहून कितीतरी जास्त जणांना होतो. पण त्याच किकस्टार्टरच्या अटी वाचा. काम पूर्ण होत नसेल तर काय काम झालं, पैसे कशावर गेले, काय अडलं हे जाहीर लिहायचं आणि उरलेले पैसे परत करायची तयारी दाखवायची. तुमचं संकेतस्थळ दुसरं असेल, तरी एवढं करायला काय हरकत आहे?

कर्ज काढून सगळ्यांना परत करू नका. बहुतेकांना पुस्तकच हवं असेल. १९७६ चा 'मंथन' चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून झाला, आणि तो बघायला शेतकरी ट्रक भरभरून आले. त्यांनी दोन रुपये परत मिळावेत म्हणून दिले नव्हते. मात्र त्यांना चित्रपट मिळाला होता, हेही खरं. जो परत मागेल त्याला परत, बाकीच्यांना नवी तारीख. आणि ती तारीख टोळ्या परतल्यानंतरची धरा.

गेवराई

बचत गटाच्या बायांना मेल जात नसतो ताई. त्यांच्या ओव्या त्यांच्याच फोनवर पाठवा. माझी आई फडावर होती तवा रात्री कोपीत मोबाईलवर नातवाचा आवाज ऐकायची, तेवढ्यावर दुसरा दिवस काढायची. पुस्तक होईल तवा होईल. आवाज तर हाय ना तुमच्यापाशी?

बालाघाटची लेक

सगळ्यांची उत्तरं वाचली. नांदेडकरांचं दोनदा वाचलं. काल रात्री दहा वाजता सगळ्यांना लिहिलं. खर्चाचा तक्ता जोडला: प्रवास आणि बायकांचं मानधन ६१,०००, माइक आणि रेकॉर्डर ४८,०००, गेलेले ६०,०००, उतरवून घेणं आणि टायपिंग ३५,०००, मुखपृष्ठ आणि चित्रं २५,०००, मी घेतलेले ३८,०००, शिल्लक ४७,०००. माती आणि हरभऱ्याचं जसं इथं लिहिलं तसंच लिहिलं. रेकॉर्डर विकायला काढलाय. हरभरा निघाल्यावर ३८,००० खात्यात भरीन आणि पावतीचा फोटो टाकीन. पुस्तक ११ गावांचं, २०८ पानांचं. नऊ गावं यात नाहीत, हे पहिल्याच ओळीत सांगितलं.

आज दुपारपर्यंत १४ जणांनी पैसे परत मागितले. त्यातल्या तिघांनी फार कडक लिहिलंय, आणि त्यांचं बरोबर आहे. सगळ्यांची नावं तारखेसह वहीत उतरवली, सहा जणांचे आजच पाठवले. ४१ जणांनी "पुस्तकच द्या" म्हटलंय. बाकीचे अजून गप्प आहेत.

गेवराईकर, तुमचं ऐकून मावशींच्या सतरा ओव्या त्यांच्या मुलाच्या फोनवर पाठवल्या. रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. मागं टोळीतल्या बायकांचा गलका होता. म्हणाल्या, "बाई, आठव्या ओवीत मी चुकले. आल्यावर ती परत घ्या."